माझी कॉफी तुम्ही कशी मागवली?

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात :

वय २८. नाशिकमध्ये अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात इंजिनिअर. आई-वडील आणि आजीबरोबर सिडकोत राहतो. आजोबा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये होते, दोन वर्षांपूर्वी गेले. गल्लीत अजून त्यांचं नाव निघालं की 'सद्गृहस्थ माणूस' हे दोन शब्द येतात. 'माझ्यामागे असं कोणी म्हणेल असं वाटत नाही,' असं हा लिहितो. म्हणून त्याने ४,९९९ रुपये भरून एक ऑनलाइन कोर्स केला. त्यात सूट कसा निवडायचा, टायची गाठ, हस्तांदोलन, बाईसाठी खुर्ची ओढणं, तिला बिल न देऊ देणं, असं सगळं होतं. मग लग्नासाठी एका मुलीशी कॉलेज रोडवरच्या कॅफेत भेट ठरली. त्याने शिकल्याप्रमाणे खुर्ची ओढली, तिच्यासाठी कॉफी मागवली आणि तिने पर्स उघडायच्या आत ६४० रुपयांचं बिल भरलं. 'वेटरने पाणी सांडलं म्हणून त्याला जरा झापावं लागलं, पण ते तेवढंच.' निघताना ती म्हणाली, 'माझी कॉफी तुम्ही कशी मागवली? मी कॉफी पीतच नाही.' त्याला चार दिवस झाले. होकार नाही, नकारही नाही. त्याचे प्रश्न तीन आहेत. सभ्य पुरुष असणं आता जुनाट झालंय का? मुलींना नक्की काय हवं असतं? आणि तिला मी काय कळवू?

उत्तर :

तू पत्राची सुरुवात 'मावशी' अशी केलीस, म्हणून मीही तुला अहो-जाहो करत नाही.

आधी एक गोष्ट सांगते. चांगला माणूस व्हावं आणि आपल्यामागे कोणी बरं बोलावं असं २८ व्या वर्षी वाटणं ही फार मोलाची गोष्ट आहे. मित्र हसतात असं तू लिहिलंस. त्यांना हसू दे. त्यांच्यापैकी निम्म्यांना मनातून हेच वाटत असणार, फक्त ते लिहायचं धाडस तू केलंस. त्यामुळे कोर्सला पैसे घातले याचीही लाज बाळगू नकोस. टायची गाठ येणं वाईट नाही, कधीतरी उपयोगी पडेल.

पण तू जे शिकलास ते कुठून आलंय, हे एकदा बघू या. 'शिव्हलरी' या शब्दाच्या मुळाशी फ्रेंच भाषेतला घोडा आहे. युरोपातल्या घोडेस्वार सरदारांचे ते रिवाज. त्यात बाईमाणसाशी अदबीने वागायचं, पण ते आपल्या बरोबरीच्या घराण्यातल्या बाईशी. शेतात राबणाऱ्या बाईला त्या अदबीतलं फारसं काही मिळत नव्हतं. 'जंटलमन' शब्दाच्या मुळाशी कूळ आहे. इंग्लंडात कित्येक शतकं जंटलमन म्हणजे ज्याला पोटासाठी हाताने काम करावं लागत नाही असा खानदानी माणूस. तुझे आजोबा प्रेसमध्ये पाळ्या करत होते. ते त्या अर्थाने जंटलमन कधीच नव्हते, आणि तरी लोक त्यांना सद्गृहस्थ म्हणतात. आपल्या शब्दात कूळ नाही, 'गृह' आहे. ज्याचं घराशी नातं नीट आहे, तो गृहस्थ. तू आजोबांसारखं व्हायला निघालास आणि वाटेत भलत्याच माणसाचे कपडे विकत घेतलेस, असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं.

आता त्या कॉफीकडे येते. तू ती मागवलीस ती प्रेमाने, याबद्दल मला शंका नाही. पण तिच्या जागी बसून बघ. अनोळखी माणूस समोर आहे, उद्या कदाचित याच्याबरोबर आयुष्य काढायचं आहे, आणि पहिल्या दहा मिनिटांत त्याने तिला काय आवडतं ते न विचारता ठरवून टाकलं. तिला कॉफीचं वाईट वाटलेलं नाही. तिने मनात पुढचा हिशेब केला असणार. आज कॉफी, उद्या नोकरी सोडायची की नाही, परवा मूल कधी. 'तुम्ही काय घेणार?' एवढे तीन शब्द तुझ्या कोर्सात नव्हते. बिलाचंही तसंच. बिल देणं चूक नाही. 'आज मी देऊ का?' असं विचारून दिलं असतंस तर ती कदाचित 'द्या' म्हणाली असती, किंवा 'अर्धं-अर्धं' म्हणाली असती. दोन्हींत काही बिघडत नव्हतं. खुर्ची मात्र मी तुझ्या बाजूने धरते. कुणाला बसायला सोपं जावं म्हणून खुर्ची ओढणं केव्हाही चांगलं, फक्त ते आजीसाठीही कर, पायाला प्लास्टर असलेल्या मित्रासाठीही कर.

आणि मग ती ओळ, जी तू 'ते तेवढंच' म्हणून घाईने ओलांडलीस. मी तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तिथेच अडकले.

वेटरने पाणी सांडलं. तुझ्या अंगावर सांडलं का, ते तू लिहिलेलं नाहीस. टेबलावर सांडलं असणार. तो मुलगा बहुधा तुझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान असेल, सुरगाण्याकडून नाहीतर पेठकडून कामाला आलेला. त्याला उलट बोलायची सोय नाही. त्याचा दिवसाचा पगार तुझ्या बिलापेक्षा कमी असू शकतो. समोरच्या मुलीला तू खुर्ची ओढून दिलीस कारण तिचं मत तुला महत्त्वाचं होतं. याचं मत तुझ्या लेखी काहीच नव्हतं, म्हणून आवाज चढला. माझ्या मते त्या मुलीने कॉफीपेक्षा हे जास्त पाहिलं. तिने ते बोलून दाखवलं नाही, कारण पहिल्या भेटीत असं कोणी बोलत नाही. कॉफीचं बोलणं सोपं होतं, ते ती बोलली.

ज्याच्याकडून आपल्याला काही मिळवायचं नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो त्यावरून माणूस कळतो. हे मी आयुष्यात फार उशिरा शिकले, आणि त्याची किंमतही मोजली. पण ते सांगायला बसले तर पान संपेल.

या शहराचंच उदाहरण घेते, कारण ते आपल्या दाराशी आहे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो इथे उभा धरला. हजारो बाया-माणसं शांतपणे बंद दारांपुढे गेली, पुढे दगडही खाल्ले, आणि हे १९३५ पर्यंत चाललं. दार बंद करणाऱ्यांत त्या काळचे शिकलेसवरलेले, स्वच्छ धोतर नेसणारे, मोठ्यांपुढे अदबीने बोलणारे कितीतरी सद्गृहस्थ होते. त्यांच्या रीतभातीत खोट काढता आली नसती, पण ती रीतभात दाराच्या आतल्यांपुरती होती. संयम, शब्द, स्वाभिमान हे ज्याला आपण सभ्यपणाचे गुण म्हणतो, ते त्या दिवशी दाराबाहेर उभे होते. पंचवटीत जाशील तेव्हा पूर्व दरवाजापाशी मिनिटभर थांब. जुनं ते सगळं सोनं होतं असं मला वाटत नाही, म्हणून हे सांगितलं. जुन्यातलं काय घ्यायचं हे आपल्याला निवडावं लागतं.

आजोबांचंही तसंच. आजी घरात आहे हे तुझं मोठं भाग्य. तिला निवांत बसवून विचार. आजोबांचे पांढरेशुभ्र कपडे कोण धुवायचं? पाहुणे अचानक आले तर आजोबा हसून 'जेवूनच जा' म्हणायचे, तेव्हा कणकेच्या डब्यात किती कणीक उरलेली असायची? कुणाला उसने पैसे दिले तर महिनाअखेर कशी निभायची? आजोबांना कमी लेखायला मी हे सांगत नाही. माझे वडीलही तसेच होते. जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात त्यांना सगळे मानत. ते गेल्यावर आम्हाला कळलं की त्यांच्या दिलदारपणाचा अर्धा खर्च आईने स्वतःच्या ताटातून भरला होता. ते वाईट नव्हते. त्यांना दिसलंच नाही, कारण स्वयंपाकघरात ते कधी आले नाहीत. तुला ते दिसू शकतं. आजोबांपेक्षा एक पाऊल पुढे जायची संधी इथे आहे.

आता काय शिकायचं ते सांगते. माझी यादी कोर्सइतकी देखणी नाही.

पहिलं, आणि माझ्या लेखी सर्वांत मोठं : दुःखाच्या घरी जाता यायला हवं. तू लिहिलंस की आजोबा सोडले तर तू कुणाच्या अंत्यविधीला गेला नाहीस, 'काय बोलावं कळत नाही' म्हणून. बोलायचं नसतंच. माझे यजमान गेले तेव्हा दिवसभर लोक येत होते आणि प्रत्येकजण 'कसं झालं?' विचारत होता. तीच हकिगत मी चाळीसेक वेळा सांगितली असेन. शेजारचा एक रिक्षा चालवणारा मुलगा आला. तो एक शब्दही बोलला नाही. दारातल्या चपला त्याने बाजूला लावल्या, पिण्याचं पाणी भरून ठेवलं, माझा फोन मागून घेतला आणि कुणाकुणाला कळवायचं ते एका कागदावर लिहून एकेकाला फोन लावले. डॉक्टरांचा दाखला नीट पाकिटात घालून अमरधामला जाणाऱ्याच्या हाती दिला, कारण त्याशिवाय तिथे खोळंबा होतो हे त्याला माहीत होतं. संध्याकाळी त्याची आई पिठलं-भात घेऊन आली. पुढच्या आठवड्यात तोच मला महापालिकेत घेऊन गेला. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते आणि दाखल्याच्या प्रती बँकेला, विम्याला, पेन्शनला अशा ठिकठिकाणी लागतात, म्हणून 'काकू, दहा प्रती घेऊन टाका' असं त्याने सांगितलं. तो मुलगा दहावी नापास. मला विचारशील तर नाशकातला सर्वांत सभ्य पुरुष तो.

हे शिकता येतं. पुढच्या वेळी कारखान्यातल्या कुणाच्या घरी असं झालं तर जा. साधे कपडे घाल, फोन बंद ठेव. खांदा द्यायला माणूस कमी पडत असेल तर पुढे हो, पडत नसेल तर मागे उभा राहा. रामकुंडावर दशक्रियेला वेळेवर पोच. आणि तेराव्यानंतर, जेव्हा सगळे यायचे थांबतात, तेव्हा एकदा जाऊन ये. घर त्या वेळी सर्वांत रिकामं असतं.

दुसरं म्हणजे हाताची कामं. शर्टाचं बटण लावता येतं का तुला? दोरा दुहेरी घे, बटण आणि कापड यांच्यामध्ये एक आगकाडी धर, चारही भोकांतून तीन-चारदा टाके घाल, काडी काढ आणि बटणाखाली दोरा गुंडाळून गाठ मार. काडीमुळे थोडी सैल जागा राहते, म्हणून काजात बटण ओढलं जात नाही आणि टिकतं. पाच मिनिटांचं काम आहे. इस्त्री करताना कॉलर आधी, मग खांदे आणि बाह्या, अंग शेवटी. बूट रात्री पॉलिश लावून ठेवायचे आणि सकाळी ब्रश मारायचा. आणि स्वयंपाक. पुरणपोळी राहू दे, पण वरण, भात, एक पालेभाजी, पिठलं आणि मऊ खिचडी एवढं यायलाच हवं. घरात बायको, आई, आजी कुणीही तापाने आडवी झाली तर 'बाहेरून मागवतो' हे उत्तर पुरेसं नसतं. आजाऱ्याला बाहेरचं चालत नाही. मऊ खिचडी त्यासाठीच आहे. रविवारी सकाळी मित्रांबरोबर मिसळ खायला जातोस ना, त्यातला महिन्यातला एक रविवार घरच्या ओट्याशी घालव. आणि भांडी घासून मग बाहेर ये, नाहीतर आजीला दुप्पट काम पडेल.

तिसरं, संकटात मदतीला हात पुढे करता यायला हवा. जुन्या काळी तालीम करायचे, पोहायला शिकायचे ते याचसाठी. समर्थ रामदासांनी आपल्या टाकळीला बारा वर्षं तप आणि सूर्यनमस्कार केल्याची परंपरा आहेच. व्यायाम जरूर कर, पण आजच्या काळात त्याच्या जोडीला छातीवर दाब देण्याची क्रिया शीक. माणूस कोसळला, हाक मारून हलत नसेल, नीट श्वास घेत नसेल, तर आधी १०८ ला फोन. मग छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब द्यायचे, रुग्णवाहिका येईपर्यंत. वाचून ते नीट येत नाही, पुतळ्यावर करून बघावं लागतं. तुमच्या कारखान्यात सुरक्षा विभाग असेल, त्यांना प्रशिक्षण ठेवायला सांग आणि तू पहिला नाव दे.

मुंबई-आग्रा महामार्ग आपल्या शहरातून जातो, अपघात तुझ्या डोळ्यांपुढे होऊ शकतो. 'पोलिसांचं लचांड नको' म्हणून लोक गाडी पुढे काढतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४अ हे कलम आलं. चांगल्या हेतूने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीवरून दिवाणी वा फौजदारी जबाबदारी टाकता येत नाही, आणि इच्छा नसेल तर नावही सांगायची सक्ती करता येत नाही. हे तू चार मित्रांना सांग. बाईसाठी दार उघडून धरण्यापेक्षा रस्त्यावर पडलेल्यासाठी आपल्या गाडीचं दार उघडणं अवघड आहे.

चौथं, शब्द आणि पैसा. घेतलेले पैसे मागायच्या आत परत करावेत. 'पाच मिनिटांत पोचतो' हे घरातून निघायच्या आधी म्हणू नये. दासबोधात उत्तम लक्षणांचा एक पूर्ण समास आहे. त्यात समर्थ म्हणतात, 'कोणाचा उपकार घेऊं नये । घेतला तरी राखों नये ।' हे दुसरं चरण मला फार आवडतं. उपकार घ्यावा लागतोच माणसाला. घेतला तर तो फेडायचा, विसरायचा नाही. माझे वडील गेल्यावर पंधराव्या दिवशी एक गृहस्थ आले आणि त्यांनी आईच्या हातात २०० रुपये ठेवले. वडिलांनी कधीतरी दिले होते, आम्हाला ठाऊकही नव्हतं. ते न देता त्यांचं काहीच बिघडलं नसतं. त्या काळी २०० रुपयांत महिन्याचा किराणा यायचा.

वाट विचारणाऱ्याला नीट वाट सांगणं हेही मी यात धरते. आपण तीर्थाच्या गावात राहतो. रविवार कारंजावर कुणी ना कुणी रामकुंड विचारत असतं, आणि २०२७ च्या सिंहस्थात तर पावलोपावली विचारतील. गाडी बाजूला घे, त्यांच्या भाषेत सांगता आलं तर सांग, म्हातारी माणसं असतील तर चार पावलं बरोबर जा.

तुझा दुसरा प्रश्न, मुलींना नक्की काय हवं असतं. मला माहीत नाही, कारण 'मुली' नावाची एकच व्यक्ती नसते. कुणाला दार उघडून धरलेलं आवडतं, कुणाला नाही. हा प्रश्न मला विचारायचा नाही, जिला भेटशील तिला विचारायचा.

आणि पहिला प्रश्न, हे सगळं जुनाट झालंय का. वर सांगितलेल्यातलं एक तरी काम तुला नको असलेलं वाटतं का ते तूच बघ.

आता तिला काय कळवायचं. वडीलधाऱ्यांमार्फत निरोप पाठवू नकोस, चुकीच्या कबुलीत तिसरा माणूस नको. फुलं, भेटवस्तू नकोत, त्याने तिच्यावर ओझं होतं. तीन-चार ओळी लिही. मी असं लिहिलं असतं : 'तुम्हाला काय हवं ते न विचारता मी कॉफी मागवली, ते चुकलं. वेटरशी ज्या आवाजात बोललो, तेही चुकलं, आणि ते जास्त. तुम्हाला पुन्हा भेटावंसं वाटलं तर मला आनंद होईल. नाही वाटलं तरी ते मोकळेपणाने कळवा, माझ्या घरी मी नीट सांगेन.' शेवटचं वाक्य गाळू नकोस. नकार देताना मुलीला सर्वांत जास्त भीती असते ती पुढे कोण काय बोलेल याची. ती भीती तू काढून घेऊ शकतोस. तिने नाही म्हटलं तर घरी 'पत्रिका जुळली नाही' वगैरे न सांगता 'आमचं जमलं नाही, ती चांगली मुलगी आहे' एवढंच सांग, आणि कुणी तिच्याबद्दल वेडंवाकडं बोललं तर तिथेच थांबव. उत्तर आलं नाही तर पुन्हा मेसेज करू नकोस.

पण हा मेसेज पाठवायच्या आधी एक काम कर. कामावरून येताना वाट वाकडी करून त्या कॅफेत जा. तो मुलगा कामावर असेल तर त्याला बाजूला घे आणि सांग की त्या दिवशी मी उगाच ओरडलो, माफ कर. बरोबर कुणी नको, फोटो नको, नंतर तिला हे सांगायचंही नाही. तो कदाचित ओशाळेल, कदाचित त्याला तू आठवणारही नाहीस. एक चहा घे, तुझं बिल भर आणि ये.

घरी पोचल्यावर आजीला विचार, आजोबांना चहा करता यायचा का. ती काय म्हणते ते मला नक्की लिहून कळव.